सी कयाकमध्ये तीन रात्रींचं सामान: कुठे काय ठेवायचं, आणि ते हलू नये म्हणून काय करायचं

तुम्ही विचारलंय की कयाकमध्ये, म्हणजे समुद्रात वल्हवायच्या या लांब, अरुंद होडीत, सामान आत दोऱ्यांनी बांधावं का. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. दिवसाभराच्या फेऱ्यांनंतर पहिल्यांदाच दोन रात्रींसाठी निघालात, तेव्हा निम्मं सामान हॅचमधून (कप्प्याच्या झाकण असलेल्या तोंडातून) आत जाईना. बाजूचा वारा सुटल्यावर कयाक सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू लागली आणि एका हाताने जास्त वल्हवून तुमचा खांदा भरून आला. किनाऱ्यावर पुढची हॅच उघडली तर पिशव्या सगळ्या डाव्या कुशीला जमा झालेल्या आणि भिजलेल्या. आता तीन रात्रींचा बेत आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

दोऱ्यांबद्दल आधीच सांगून टाकतो: कप्पा नीट भरला असेल तर बांधायची गरज सहसा पडत नाही. आणि वाऱ्याचा जो त्रास झाला, तोही बहुतेक सामानामुळेच. तुम्ही लिहिलंय की १० लिटरचा पाण्याचा कॅन पुढच्या कप्प्यात होता, 'कारण मागे जागा नव्हती'. तिथूनच सुरुवात करू.

कयाक पुढे जाते तेव्हा तिचं पुढचं टोक न ढवळलेल्या पाण्यात घुसत असतं आणि दोन्ही बाजूंचा दाब त्याला धरून ठेवतो. मागचं टोक मात्र आपणच ढवळून सैल केलेल्या पाण्यातून जातं. बाजूने वारा आला की पुढचं टोक जागचं फारसं हलत नाही, मागचं ढकललं जातं आणि तोंड वाऱ्याकडे वळतं. हा स्वभाव जवळजवळ प्रत्येक सी कयाकचा असतो. तुम्ही पुढे १० किलो ठेवलेत म्हणजे पुढचं टोक आणखी खोल रुतवलंत आणि मागचं आणखी वर उचललंत. वाऱ्याला हवं होतं तेच झालं. याच्या उलट मागे फार वजन टाकलं तर पुढचं टोक हलकं होऊन वाऱ्यासोबत वाहवत जातं, आणि मग वाऱ्याकडे तोंड करायला जीव काढावा लागतो. जोराच्या वाऱ्यात आडोशाच्या किनाऱ्याकडे वळताच आलं नाही, तर ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महागात पडते.

म्हणून कयाक समतोल तरंगायला हवी, फार तर मागे किंचित जड, डोळ्याला जेमतेम कळेल इतकीच. उरलेली कसर स्केग, म्हणजे मागच्या बाजूला तळातून खाली सोडायचं पातं, काढते. वजन नीट वाटलेलं असेल तर स्केग थोडीशी खाली सोडून भागतं. ती पूर्ण खाली सोडूनही कयाक वळत असेल तर किनाऱ्यावर थांबा आणि सामान पुन्हा लावा. दिवसभर खांद्याशी झगडत बसण्यापेक्षा ती वीस मिनिटं फार स्वस्त.

आता वजनाची जागा. जड वस्तू तळाशी, मधल्या रेषेवर आणि तुमच्या शरीराच्या जितक्या जवळ शक्य तितक्या. म्हणजे मागच्या कप्प्यात बल्कहेडला (कप्पा आणि बसायची जागा यांमधल्या आडव्या भिंतीला) टेकून, पुढच्या कप्प्यातही बल्कहेडला टेकून. दोन्ही टोकांना हलकं, फुगीर सामान: झोपायची पिशवी, कपडे, हवा काढलेली गादी. भरलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून पाहा, आणि तेच वजन छातीशी धरून वळून पाहा. फरक लगेच कळतो. कयाकच्या टोकांना वजन असलं की तिला वळवायलाही वेळ लागतो आणि वळू लागली की थांबवायलाही. शिवाय पुढचं टोक लाटेवर चढण्याऐवजी लाटेत घुसतं. मागून येणाऱ्या लाटांवर तर ते खोल रुतून कयाक आडवी फिरू पाहते.

पाणी ही सगळ्यात जड वस्तू. १ लिटर म्हणजे १ किलो. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ लिटर धरलं तर तीन दिवसांचे १२ किलो होतात. हे एका कडक कॅनमध्ये नेऊ नका. २ ते ४ लिटरच्या मऊ पाणपिशव्या घ्या, भरल्यावर हवा पूर्ण पिळून काढा आणि मग झाकण लावा. अर्धवट भरलेला कॅन आतल्या आत हिंदकळतो आणि नेमक्या नको त्या क्षणी वजन एका कुशीला जातं. मऊ पिशवी तळाचा आकार घेते, पाणी संपत जाईल तशी चपटी होत जाते. या पिशव्या मी सीटच्या लगेच मागे, डे हॅचच्या (सीटमागच्या छोट्या कप्प्याच्या) तळाशी किंवा मागच्या बल्कहेडला लागून, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या ठेवतो. मध्याच्या जवळ असल्यामुळे तिसऱ्या दिवशी त्या रिकाम्या झाल्या तरी कयाकचा समतोल फारसा बिघडत नाही. हेच पाणी टोकाला असतं तर रोज सकाळी वेगळीच कयाक चालवल्यासारखं वाटलं असतं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, त्यामुळे कप्प्यात पाणी शिरलंच तर या पिशव्या कयाकला खाली ओढत नाहीत, हा एक जादा फायदा.

सामान हॅचमधून जात नाही, याचं कारण बहुतेक वेळा मोठ्या पिशव्या. गोल हॅचचं तोंड साधारण २० ते २५ सेंटिमीटरचं, लंबगोल हॅचचं थोडं मोठं. ३० लिटरची भरलेली ड्रायबॅग (पाणी न शिरणारी पिशवी) त्यातून जाणार नाही, आणि गेलीच तर आत तिच्या चहूबाजूंना जागा वाया जाईल. ५, ८, १० लिटरच्या पिशव्या वापरा. टोकांसाठी निमुळत्या पिशव्या मिळतात, त्या घेण्यासारख्या आहेत. पिशवीचं कापड गुळगुळीत असावं. जाड पीव्हीसीच्या पिशव्या टिकतात खऱ्या, पण एकमेकींना चिकटतात आणि आत सरकत नाहीत. पिशवी ठासून भरू नका. थोडी ढिली पिशवी कोपऱ्यात दाबून बसवता येते, गच्च भरलेली पिशवी दगडासारखी अडते. बंद करताना तिच्यावर गुडघा टेकून हवा काढा, तोंडाच्या कडा एकमेकींवर सपाट ठेवा आणि कमीत कमी तीन घड्या घाला. तीन घड्यांपुरतं कापड उरत नसेल तर त्या पिशवीत सामान जास्त झालंय. झोपायची पिशवी आणि कोरडे कपडे मी कायम दुहेरी पिशवीत ठेवतो. पावसात थंडी वाजत किनाऱ्याला लागलात की त्या दोनच वस्तूंवर सगळी रात्र अवलंबून असते.

टोकाला जी पिशवी जाते तिच्या कडीला दोरीचा एक तुकडा बांधा आणि त्याचं दुसरं टोक हॅचच्या तोंडाशी राहील असं ठेवा. हात तिथवर पोचत नाही. ही दोरी नसेल तर संध्याकाळी खांद्यापर्यंत हात आत घालून वाळूत लोळावं लागतं. तंबूचे खांब तंबूपासून वेगळे करा. मागच्या कप्प्यात स्केगची पेटी मधोमध असते, तिच्या एका बाजूला खांब छान बसतात आणि दुसऱ्या बाजूला लांबट पिशवी. मात्र पेटीवर किंवा स्केगच्या तारेवर काही टणक दाबून बसवू नका. तार वाकली की स्केग गेली.

आता न हलण्याबद्दल. तुमच्या पुढच्या कप्प्यात जागा शिल्लक होती म्हणून पिशव्या सरकल्या. सरकल्या म्हणून कयाक डावीकडे कलली, आणि झाकणाच्या कडेतून थोडं थोडं पाणी आत आलं तेव्हा त्यालाही फिरायला जागा मिळाली. कप्प्यातली रिकामी जागा म्हणजे पाण्यासाठी मोकळी सोडलेली जागा. साधा हिशोब करून पाहा. मागचा कप्पा १०० लिटरचा आहे आणि लाटेत हॅचचं झाकण निघून गेलं. कप्पा रिकामा असेल तर १०० किलोहून अधिक पाणी आत येईल, मागचं टोक बुडेल आणि कयाक हाताबाहेर जाईल. तोच कप्पा ७५ लिटरच्या बंद ड्रायबॅगांनी भरलेला असेल तर पाण्याला २५ लिटरच जागा उरते. कयाक जड होईल, डुलेल, पण किनाऱ्यापर्यंत येईल. म्हणून उरलेल्या जागेत हवेच्या पिशव्या फुगवून बसवा. त्या नसतील तर रिकाम्या ड्रायबॅगांमध्ये हवा भरून घड्या घाला आणि पाचरीसारख्या दाबून बसवा. हाताने ढकलून पाहा. एकही पिशवी जागची हलता कामा नये. दिवसभराच्या फेरीला सामान थोडं असतं, तेव्हा ही काळजी उलट जास्त घ्यावी लागते, आणि नेमकं तेव्हाच लोक ती घेत नाहीत.

बांधण्याची खरी गरज तेव्हाच पडते, जेव्हा कप्पा अर्धा रिकामा असतो आणि आत एखादी एकटी जड वस्तू असते. त्यासाठी तळाला डी आकाराच्या कड्या चिकटवून पट्टा लावता येतो, किंवा दाट फोमचे तुकडे तळाच्या आकाराला कापून वस्तूच्या दोन्ही बाजूंना अडकवता येतात. कड्यांसाठी कयाकच्या तळाला भोक मात्र कधीही पाडू नका.

कॉकपिटबद्दल, म्हणजे तुमच्या बसायच्या जागेबद्दल, मी कडक आहे. तिथे सुटं काहीही नको. सीटच्या मागच्या फटीत चपला, पाण्याची बाटली, जाळीची पिशवी कोंबायची सवय पुष्कळांना असते. कयाक उलटली की हे सगळं तरंगत पायांभोवती येतं, आणि उलट्या अवस्थेत बाहेर पडताना पायात पिशवीचा बंद अडकणं हा अनुभव कुणालाही येऊ नये. पाण्याचा पंप ठेवायचाच असेल तर त्याला पक्की जागा करा. पायाच्या टेकूच्या पुढेही काही सरकतं ठेवू नका, ते टेकूखाली अडकतं.

डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर, जेवढं कमी तेवढं चांगलं. तिथलं सामान वारा पकडतं, वजन वर नेतं, आणि पाण्यात पडल्यावर डेकवर चढून परत बसायचं असतं तेव्हा नेमकं पोटाखाली येतं. जादा पॅडल, नकाशा, पंप, पॅडल फ्लोट (पाण्यातून परत चढताना वल्ह्याच्या पात्यावर बसवायचा तरंगता आधार), ओढायची दोरी, एवढं पुरे. लवचीक दोऱ्यांवर भरवसा ठेवू नका. त्या वस्तू जागेवर ठेवतात, पण फुटती लाट ती वस्तू सहज उपटून नेते. नकाशाच्या पाकिटासकट प्रत्येक वस्तूला आखूड दोरी हवीच, आणि त्या दोरीत हात अडकेल असा मोठा फास नको. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांच्या कयाकवर हार्पून आणि बाकीची हत्यारं डेकवर आडव्या ताणलेल्या कातडी पट्ट्यांखाली बसवलेली असत, आणि पट्टा घट्ट करायला हाडाचे किंवा हस्तिदंताचे सरकते मणी असत. उलटं झाल्यावरही प्रत्येक वस्तू न बघता हाताला लागावी अशी तिची जागा ठरलेली असे. त्या डेकचं चित्र पाहिलं की मला आजही आपल्या गचाळ डेकची लाज वाटते.

पाण्यावर असताना लागणाऱ्या वस्तू डे हॅचमध्ये: खाणं, गरम पाण्याचा थर्मास, जादा जॅकेट, प्रथमोपचाराची पेटी, दुरुस्तीचं सामान. चिकटपट्टी त्यात असू द्याच, फुटलेल्या झाकणापासून तडा गेलेल्या तळापर्यंत सगळ्याला तीच धावून येते. डे हॅच समुद्रात उघडायची तर सोबत्याची कयाक शेजारी घट्ट धरून, एका वेळी एकच. मागची मोठी हॅच पाण्यावर उघडायची वेळ आणू नका.

आणि जीव वाचवणाऱ्या वस्तू कयाकमध्ये ठेवायच्याच नाहीत, त्या अंगावर हव्यात. व्हीएचएफ रेडिओ (मदतीच्या हाकेची वाहिनी १६ कशी लावायची ते अंधारातही जमलं पाहिजे), ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारा पीएलबी, शिट्टी, दिवा, चाकू, सगळं लाइफजॅकेटच्या खिशात. कयाक हातातून सुटली तर वाऱ्याबरोबर तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने जाते. पीएलबी हाताने सुरू करावा लागतो, आणि हॅचमधला पीएलबी तेव्हा कयाकसोबत निघून गेलेला असेल.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, म्हणून जरा थांबून सांगतो. डेकवरचा होकायंत्र पुढच्या हॅचच्या आसपास बसवलेला असतो, म्हणजे पुढच्या कप्प्यातलं लोखंड त्याच्या जवळ येतं. एकदा धुक्यात आम्ही दोघं एकाच दिशेने चाललो होतो आणि दोघांचे होकायंत्र वेगवेगळे आकडे दाखवत होते. माझ्या पुढच्या कप्प्यात, बरोबर होकायंत्राखाली, पत्र्याचे डबे आणि स्टोव्ह होता. वजनाचा विचार करून मी ते बल्कहेडपाशी ठेवले होते आणि त्याचा मला अभिमान होता. सोबती नसता तर मी चुकीच्या दिशेने खुशाल गेलो असतो. तेव्हापासून डबे, स्टोव्ह, पकड, पत्र्याची भांडी मागच्या कप्प्यात. मोबाइल आणि रेडिओही होकायंत्रापासून लांब. निघण्याआधी कयाक एका ओळखीच्या खुणेकडे रोखा, रिकामी असताना आकडा बघा आणि भरल्यावर पुन्हा बघा. फरक पडला तर सामान हलवा.

इंधन अन्नाच्या कप्प्यात नको. बंद कप्प्यात वाफ साचते आणि जेवणाला तीच चव येते.

आता भिजण्याबद्दल. तुमच्या झाकणाच्या कडेला वाळू किंवा पिशवीचा पट्टा अडकला असावा. बंद करण्याआधी कडेवरून ओलं बोट पूर्ण फिरवा. रबराचं झाकण बसवल्यावर मधोमध दाबा. खाली गेलेलं झाकण हळू वर येत असेल तर हवा आत कोंडली आहे, म्हणजे कड बसली आहे. झाकणाला दोरी हवी, ते एकदा वाहून गेलं की हॅच उघडीच. आणखी एक कारण असू शकतं. बऱ्याच कयाकमध्ये बल्कहेडला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. कयाक उन्हात तापते तेव्हा आतली हवा फुगते, थंड पाण्यात शिरली की आकसते. हे छिद्र बुजलं असेल तर आकसणारी हवा झाकणाच्या कडेतूनच पाणी ओढून घेते, आणि आपण विनाकारण नवीन झाकण विकत घेतो. छिद्र मोकळं आहे का ते सुईने पाहून घ्या. नवीन कयाक असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी कप्पे रिकामे ठेवून, झाकणं लावून, उथळ पाण्यात ती दोन्ही कुशींवर दहा मिनिटं आडवी धरा आणि मग आत स्पंजने पुसून बघा.

घरी एकदा सगळं भरून पाहा आणि कोणती पिशवी कुठे जाते याचं कागदावर चित्र काढा. पिशव्यांचे रंग वेगळे असले तर आणखी सोपं. किनाऱ्यावर मात्र रिकामी कयाक पाण्याच्या कडेला न्या आणि तिथेच भरा. २५ किलोच्या कयाकमध्ये ४० किलो सामान असताना तिला दोन टोकांच्या मुठींनी उचललं तर मधल्या भागावर फार ताण येतो. हलवावीच लागली तर चार जणांनी तळाखालून पट्टे घालून उचलायची. भरती असेल तर भरता भरता कयाक तरंगत निघून जाईल, म्हणून दोरी हाताला किंवा दगडाला बांधा. ओहोटी असेल तर पाणी दूर जाईल आणि भरलेली कयाक वाळूवर अडकेल, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तिला पुढे सरकवत राहा.

भरून झाल्यावर गुडघाभर पाण्यात तिच्यात बसा, पॅडल डेकवर ठेवा, हात सोडा. एका कुशीला कलते का? सोबत्याला बाजूने पाहायला सांगा, कोणतं टोक वर दिसतंय. कललेली कयाक तशीच घेऊन निघू नका. दोन पाणपिशव्या एका बाजूच्या दुसऱ्या बाजूला केल्या की बहुतेक वेळा काम होतं.

त्याच जागी, किनाऱ्याजवळ, एकदा मुद्दाम उलटा. भरलेली कयाक रिकाम्या कयाकपेक्षा जास्त स्थिर असते, पण उलटल्यावर उचलायला फार जड. सोबत्याने पुढचं टोक सरळ वर उचलायचा प्रयत्न केला तर कॉकपिटमधलं पाणी ते चोखून धरतं. आधी कयाक थोडी एका कडेवर करायची म्हणजे हवा आत शिरते, मग टोक उचलायचं. तेही जमलं नाही तर कयाक सरळ करायची, माणसाला आत बसवायचं आणि पंपाने पाणी काढायचं, सोबत्याने तोवर कयाक घट्ट धरायची. हे पहिल्यांदा खोल पाण्यात करून बघायची गोष्ट नाही.

तंबू आणि पावसाचं छत सगळ्यात शेवटी भरा, हॅचच्या अगदी तोंडाशी, वेगळ्या पिशवीत. पावसात उतरायची वेळ आली तर आधी छत बाहेर येतं आणि बाकीच्या पिशव्या त्याखाली उघडता येतात. दुसऱ्या सकाळी तोच तंबू ओला असेल, तो झोपायच्या पिशवीला लागू देऊ नका. मुक्कामाला पोचल्यावर सगळ्या हॅच उघडून स्पंज फिरवा. कुठल्या कप्प्यात किती पाणी निघालं ते लक्षात ठेवा, पुढच्या सकाळी त्या झाकणाकडे आधी बघायचं असतं.